बोलपटातील ‘धोकादायक स्त्री’ : हॉलिवूड, प्रभात आणि ख्रिस्तसभा

चित्रपट बोलू लागला त्या पहिल्या सहा-सात वर्षांत पडद्यावरील एका विशिष्ट स्त्रीने अमेरिकेतील धर्मगुरूंची आणि पालकांची झोप उडविली होती. ही स्त्री देखणी होती, पुरुषांना खेळवीत होती आणि अखेरीस तिला शिक्षा होईलच याचा भरवसा उरलेला नव्हता. तिला आवरण्यासाठी जी नियमावली तयार झाली, तिचा मसुदा एका कॅथलिक धर्मगुरूने लिहिला. त्याच काळात आपल्या महाराष्ट्रातही बोलपटांतून अशा काही स्त्रिया प्रेक्षकांसमोर आल्या. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

निमित्त साधे आहे. हिंगोली भागातील युवकांच्या एका शिबिरात एका मुलीने आम्हांला विचारले, “फादर, वाईट बायका दाखवतात म्हणून चर्चने सिनेमे बंद पाडले होते, हे खरे का?” आम्ही त्या वेळी दोन वाक्यांत उत्तर दिले व पुढच्या सत्राकडे वळलो. ते उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. म्हणून हे सविस्तर टिपण.

आवाज येण्यापूर्वी आणि नंतर

पुरुषाचा नाश करणारी स्त्री मूकपटातही होतीच. १९१५ साली ‘ए फूल देअर वॉज’ या अमेरिकन चित्रपटात थेडा बारा या अभिनेत्रीने ती साकारली आणि रक्तपिपासू पिशाच्चाच्या इंग्रजी नावावरून ‘व्हॅम्प’ हा शब्द अशा भूमिकांना चिकटला. ही स्त्री काळोखे डोळे करून पाहत असे, पुरुष तिच्या पायाशी कोसळत असे, आणि ती अशी का झाली हा प्रश्न कोणी विचारीत नसे. पिशाच्चाला पूर्वायुष्य नसते.

६ ऑक्टोबर १९२७ रोजी ‘द जाझ सिंगर’ प्रदर्शित झाला आणि अवघ्या दोन-तीन वर्षांत हॉलिवूड बोलके झाले. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ लागला. आवाज आल्याबरोबर ही स्त्री बदलली. ती उत्तर देऊ लागली, पुरुषांची टिंगल करू लागली. आणि मुख्य म्हणजे, आपल्यावर काय ओढवले हे तिला सांगता येऊ लागले. आमच्या मते त्या काळातील वादाचे मूळ तिच्या वेषभूषेपेक्षा तिच्या या बोलण्यात अधिक होते. त्या वेळच्या टीकाकारांनी मात्र वेषभूषेवरच अधिक शाई खर्च केली.

काही उदाहरणे पाहू. १९३२ च्या ‘रेड-हेडेड वुमन’ या चित्रपटात जीन हार्लोने साकारलेली नायिका मालकाचा संसार मोडते, वरच्या पायरीवर चढत जाते आणि शेवटी पॅरिसमध्ये ऐषआरामात राहते. तिला कसलीही शिक्षा होत नाही. ब्रिटनमध्ये या चित्रपटावर बंदी आली. १९३३ च्या ‘शी डन हिम राँग’मध्ये मे वेस्टने आपल्याच ‘डायमंड लिल’ या नाटकातील नायिका पडद्यावर आणली. तिची दुहेरी अर्थाची वाक्ये लोकांच्या तोंडी बसली.

परंतु या सर्वांत विचार करायला लावणारा चित्रपट म्हणजे वॉर्नर ब्रदर्सचा ‘बेबी फेस’ (१९३३). बार्बरा स्टॅनविकने साकारलेली लिली ही एका गुत्तेवाल्याची मुलगी. बाप स्वतःच तिला गिऱ्हाइकांपुढे करतो. बाप मेल्यावर ती न्यूयॉर्कला जाते, एका बँकेत नोकरी मिळविते आणि एकेका अधिकाऱ्याला वश करीत मजल्यामागून मजला वर चढते. कॅमेराही इमारतीच्या खिडक्यांवरून तिच्याबरोबर वर सरकतो. तिच्या गावातील एक वृद्ध चांभार तत्त्ववेत्ता नीत्शे याची पुस्तके वाचीत असतो. पुरुषांनी तुला वापरले, आता तू पुरुषांना वापर, असा सल्ला तो तिला देतो. निरीक्षकांनी हरकत घेतल्यावर त्या चांभाराच्या तोंडी नवी वाक्ये घालण्यात आली आणि तो सन्मार्गाचा उपदेश करू लागला. मूळ प्रत सत्तर वर्षे कोणी पाहिली नव्हती. ती २००४ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली.

त्या चांभाराचा मूळ सल्ला अर्थातच ख्रिस्ती नव्हता. तथापि लिलीच्या बापाचे काय, हा प्रश्न उरतोच.

नियमावली आणि तिचे जनक

अमेरिकन चित्रपटसृष्टीने ३१ मार्च १९३० रोजी जी आचारसंहिता स्वीकारली, तिला तिथल्या निर्माता संघटनेचे प्रमुख विल हेज यांच्या नावावरून ‘हेज कोड’ म्हणतात. ती लिहिली मात्र दोन कॅथलिकांनी : चित्रपट व्यवसायाच्या नियतकालिकाचे प्रकाशक, प्रापंचिक श्रद्धावंत मार्टिन क्विग्ली आणि सेंट लुईस येथील येशूसंघीय धर्मगुरू फादर डॅनियल लॉर्ड.

फादर लॉर्ड हे चित्रपटद्वेष्टे नव्हते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. दिग्दर्शक सेसिल डमिल यांनी १९२७ साली ‘द किंग ऑफ किंग्ज’ हा प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट काढला, तेव्हा त्यांनी सल्लागार म्हणून काम केले होते. याच डमिल यांनी १९३२ मध्ये ‘द साइन ऑफ द क्रॉस’ काढला. विषय नीरोच्या काळातील ख्रिस्ती हुतात्म्यांचा. परंतु प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती क्लॉडेट कोल्बर्टने साकारलेल्या सम्राज्ञी पॉपियाची गाढविणीच्या दुधातील आंघोळ. हुतात्म्यांच्या नावाखाली हे दाखविले गेले म्हणून कॅथलिक वृत्तपत्रे खवळली. त्यांचा राग आम्हांला समजू शकतो.

पहिली चार वर्षे संहिता कागदावरच राहिली. १९२९ च्या मंदीनंतर चित्रपटगृहे ओस पडू लागली होती आणि अशा स्त्रियांच्या कथा गर्दी खेचीत होत्या. अखेर अमेरिकेतील महागुरुस्वामींनी १९३४ साली ‘लीजन ऑफ डिसेन्सी’ ही चळवळ उभी केली. सिनसिनाटीचे आर्चबिशप जॉन मॅकनिकोलस तिच्या अग्रभागी होते. लाखो श्रद्धावंतांनी अनिष्ट चित्रपट न पाहण्याची शपथ घेतली. निर्मात्यांना हा बहिष्कार परवडणारा नव्हता. जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थाच्या हाती तपासणी कार्यालय देण्यात आले आणि जुलै १९३४ पासून त्याच्या मंजुरीवाचून मोठ्या कंपन्यांचा चित्रपट बाहेर पडणे जवळजवळ अशक्य झाले. पुढे २९ जून १९३६ रोजी पोप पायस अकरावे यांनी ‘विजिलान्ती कुरा’ या परिपत्रकातून या चळवळीची प्रशंसा केली आणि इतर देशांतही चित्रपटांची पारख करणारी कार्यालये असावीत असे सुचविले. त्यात चित्रपट या माध्यमाचा धिक्कार नाही. त्याच्या प्रचंड सामर्थ्याची जाणीव आहे.

तेव्हा शिबिरातील त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे : ख्रिस्तसभेने चित्रपट बंद पाडले नाहीत, परंतु तिच्या दबावामुळे तीसहून अधिक वर्षे हॉलिवूडच्या कथा बदलत राहिल्या. संहितेच्या जागी वयानुसार वर्गीकरण आले ते १९६८ मध्ये.

आता संहितेतील दोन कलमे पाहा. गोऱ्या व काळ्या वंशांतील स्त्रीपुरुषांचे संबंध दाखविण्यास तिने मनाई केली होती. याचा शुभवर्तमानाशी काहीएक संबंध नव्हता. तो अमेरिकेतील वर्णद्वेष होता आणि आपल्या माणसांनी तो शीलाच्या यादीत बसू दिला, याची खंत आम्हांला वाटते. दुसरे कलम असे की, देहविक्रयासाठी होणारा स्त्रियांचा व्यापार हा विषयच चित्रपटात येता कामा नये. हेतू चांगला असेल. परिणाम मात्र असा झाला की, ‘वाढलेली’ स्त्री पडद्यावर दाखविता येई, तिला शेवटी शिक्षा करावी लागे, पण तिला विकणारा मनुष्य दाखविता येत नसे. तिचे पाप राहिले आणि तिची हकीकत कापली गेली.

प्रभातच्या तीन स्त्रिया

मराठी चित्रपटात स्त्रीचे पडद्यावर येणे हेच मुळात धोक्याचे मानले जाई. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले, तेव्हा त्यांना समाजाची अवहेलना सोसावी लागली. पुढे सुखवस्तू घराण्यातील, मुंबईच्या येशूसंघीय सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या दुर्गाबाई खोटे चित्रपटात आल्या. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात त्या तारामती झाल्या आणि लगेच ‘माया मच्छिंद्र’मध्ये योग्याला मोहात पाडणाऱ्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. एकाच वर्षी एकच अभिनेत्री पतिव्रता आणि मोहिनी! हे दोन्ही बोलपट ‘प्रभात’चे. ही कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली व १९३३ मध्ये पुण्यास आली.

१९३६ च्या ‘अमरज्योती’ या हिंदी बोलपटात दुर्गाबाईंनी सौदामिनी नावाची सागरी लुटारू रंगविली. राज्याचा कायदा तिला स्वतःच्या मुलाचा ताबा नाकारतो, तेव्हा ती राज्याविरुद्ध उठते. ती धोकादायक आहे यात शंका नाही. पण चित्रपट सुरू होतो तो तिच्यावरील अन्यायापासून. ‘बेबी फेस’मधून जे कापले गेले असते, ते येथे कथेचे पहिले पान आहे.

‘कुंकू’ (१९३७) विषयी किती लिहावे! ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी हा बोलपट केला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली तरुण नीरा (शांता आपटे) त्या लग्नाला लग्न मानण्यास नकार देते. जरठकुमारी विवाह हा विषय मराठी रसिकांना नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ नाटक १८९९ पासून रंगभूमीवर होते. शारदेच्या दुःखाने प्रेक्षक रडत असत. नीरा त्यांना रडू देत नाही. ती घरातील प्रत्येकाला तोंडावर उत्तर देते, आणि गंमत अशी की एके ठिकाणी ती अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. या बोलपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, रस्त्यावरचा कोलाहल एवढेच. त्या शांततेत नीराचा शब्द अधिकच धारदार ऐकू येतो. तिचा नवरा काकासाहेब (केशवराव दाते) हा राक्षस म्हणून रंगविलेला नाही, हे शांतारामांचे मोठेपण. तो आपली चूक ओळखतो. पुढे तो आत्महत्या करतो, हा शेवट मात्र एक धर्मगुरू म्हणून आम्हांला स्वीकारता येत नाही. आणि कथेची ती वाट सोपी होती, असेही आम्हांला वाटते.

१९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. आपला हिंगोलीचा परिसर तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. आज कायदा सर्वत्र एक आहे. तरीही मराठवाड्यात कोवळ्या मुलींची लग्ने लावली जातात आणि आपल्या धर्मग्रामांत तसे होतच नाही असे छातीवर हात ठेवून आम्हांला म्हणता येणार नाही. वसमत किंवा सेनगावकडील एखादी मुलगी “मला एवढ्यात लग्न करायचे नाही” असे म्हणते, तेव्हा तिला ‘आगाऊ’ म्हणणाऱ्यांत चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसणारेही असतात.

शांता आपटे पडद्याबाहेरही नीराच होत्या. करारावरून वाद झाला तेव्हा १९३९ साली त्यांनी प्रभातच्याच फाटकात उपोषण केले, आणि १९४० मध्ये ‘जाऊ मी सिनेमांत?’ हे पुस्तक लिहून या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलींना तेथील वास्तव सांगितले.

तिसरी मैना. पुण्यात धर्मविद्येचे शिक्षण घेत असताना ‘माणूस’ (१९३९) हा बोलपट आम्ही प्रथम पाहिला आणि बाहेर आल्यावर बराच वेळ कोणाशी बोललो नाही. गणपत हा पोलीस शिपाई एका अड्ड्यावरील धाडीत मैना या वेश्येला पाहतो आणि तिला अटकेतून वाचवितो. दोघांत प्रेम जडते. तो तिला लग्नाचे वचन देऊन आपल्या भाविक आईकडे नेतो. परंतु आपले पूर्वायुष्य त्या देवघरात नेण्याचे धैर्य मैनेला होत नाही आणि ती निघून जाते. तिच्या जिवावर जगणारा एक नराधम नातलग तिचा पिच्छा सोडत नाही. शेवटी तिच्या हातून त्याचा खून होतो. गणपत तिला पळून जाण्याची वाट करून देऊ पाहतो. ती नाकारते व तुरुंगात जाते. गणपत खचतो, पण मरत नाही. पुन्हा कामावर रुजू होतो. १९३५ च्या ‘देवदास’मधील दारूत बुडणाऱ्या नायकाला शांतारामांनी दिलेले हे उत्तर होते.

मैनेची भूमिका शांता हुबळीकर यांची. अनेक भाषांतून गायिलेले त्यांचे ‘कशाला उद्याची बात’ हे गीत अजून ऐकू येते. आत्मचरित्रालाही त्यांनी हेच नाव दिले. गणपतच्या भूमिकेत शाहू मोडक होते. पुढच्याच वर्षी ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वर झालेला आणि अनेक चित्रपटांतून श्रीकृष्ण म्हणून पूजिला गेलेला हा नट जन्माने अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) मराठी ख्रिस्ती घरातला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

ब्रीन यांच्या कार्यालयापुढे ‘माणूस’ गेला असता तर काय झाले असते? शेवट त्यांना मान्य झाला असता, कारण खुनाची शिक्षा मिळते. आधीचा मजकूर मात्र त्यांनी गाळला असता : कोण तिला विकतो, कोण येतो, शेजारीपाजारी काय बोलतात. आमच्या मते ‘माणूस’चा नैतिक भाग तोच आहे.

त्या काळातील मराठी वादळाचे म्हणून ज्याचे नाव नेहमी घेतले जाते, तो मास्टर विनायक व आचार्य अत्रे यांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८). मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या म्हणून गहजब झाला. आज त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. व्ही. शांताराम १९७२ साली ‘पिंजरा’त पुन्हा या विषयाकडे वळले. त्याचे मूळ १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन बोलपटात आहे. त्यातील भूमिकेनंतर मार्लेन डीट्रिख हॉलिवूडला गेली. ‘पिंजरा’ अत्यंत देखणा आहे. पण तमासगीर चंद्रकलेपेक्षा कॅमेऱ्याला गुरुजींच्या अधःपाताचीच काळजी अधिक आहे. शांताराम येथे ‘माणूस’च्या मागे गेले, असे आमचे मत आहे.

कीर्तनातील आणि शुभवर्तमानातील स्त्रिया

आपल्या जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. या भागात कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला कान्होपात्रा ठाऊक असते : मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी, जिची समाधी पंढरपूरच्या मंदिरातच आहे. गंधर्व नाटक मंडळीने १९३१ साली तिच्यावरील नाटक रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांनी ती भूमिका केली. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्येही (१९३६) तुकोबांना भुलविण्यास पाठविलेली नायकीण त्यांची वाणी ऐकून बदलते. मराठी प्रेक्षक मैनेकडे बघताना कान्होपात्रेला विसरला नव्हता, म्हणून त्याला तिच्यात पिशाच्च दिसले नाही, असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे असा आधार नव्हता काय? होता, आपणच तो झाकून ठेवला. मरिया मग्दालिया ही वेश्या होती असे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही. संत लूकने तिच्यातून सात भुते निघाल्याचा उल्लेख केला आहे, इतकेच. इ. स. ५९१ च्या एका प्रवचनात पोप ग्रेगरी महान यांनी तिची, प्रभूच्या पायांवर अश्रू ढाळणाऱ्या अनामिक पापी स्त्रीशी आणि बेथानीच्या मरियेशी सांगड घातली. पश्चिमेकडील चित्रकारांनी, नाटककारांनी आणि नंतर चित्रपटांनी ती उचलली. फादर लॉर्ड ज्याचे सल्लागार होते, त्या ‘द किंग ऑफ किंग्ज’मध्ये मग्दालिया ऐश्वर्यात लोळणारी गणिका म्हणूनच प्रथम दिसते. १९६९ च्या उपासना-दिनदर्शिकेने हा घोटाळा दूर केला आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलै या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांप्रमाणे ‘सणा’चा दर्जा दिला.

ही शुभवर्तमाने आवाजाकडे लक्ष ठेवून पुन्हा वाचावीत. लूकच्या सातव्या अध्यायातील पापी स्त्री एक शब्दही बोलत नाही. तिच्याविषयी बोलतात ते शिमोन आणि प्रभू. योहानाच्या आठव्या अध्यायात दगडांच्या वर्तुळात उभी केलेली स्त्री केवळ एक छोटेसे वाक्य बोलते, तेही प्रभूने विचारल्यावर. तिच्याबरोबरचा पुरुष त्या अंगणात आणलेलाच नाही. चौथ्या अध्यायातील शमरोनी स्त्री मात्र विहिरीवर प्रभूशी वाद घालते, प्रश्न विचारते, घागर तिथेच टाकून गावात जाते, आणि तिचे बोलणे ऐकून गाव विश्वास ठेवते. पाच नवरे झालेल्या त्या बाईला प्रभूने कोठेही गप्प केलेले नाही. आणि पुनरुत्थानाच्या पहाटे पहिला निरोप द्यायला मग्दालियेलाच पाठविले गेले. शिष्यांना ते बोलणे बाष्कळ वाटले, अशी कबुली लूकनेच देऊन ठेवली आहे.

युवक मंडळांपैकी कोणाला हे बोलपट दाखवावयाचे असल्यास आधी ‘कुंकू’ घ्यावा, ‘माणूस’ नंतर. ‘माणूस’ सोळा वर्षांखालील मुलांना एकट्याने दाखवू नये. जाणते कोणी बरोबर असावे. ‘कुंकू’च्या शेवटी येणाऱ्या आत्महत्येविषयी संचालकांनी स्पष्ट बोलावे, ती गोष्ट तशीच सोडून देऊ नये. चर्चेची सुरुवात मुलींना करू द्यावी, आणि त्या बोलत असताना फादरांनी व सिस्टरांनी निदान पहिला अर्धा तास मध्ये बोलू नये.